पाण्याचा संचय

संचय करू नये, असे आम्ही कीर्तनात सांगतो. मग पावसाचे पाणी साठवावे की नाही? भाजे येथील लेणी पाहावी. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या भिक्षूंनी घरदार सोडले, त्यांच्यासाठीही कातळात पाण्याची टाकी खोदली गेली. स्वतःपुरते दडवून ठेवणे हा परिग्रह; पुढच्या तहानेसाठी राखणे हा धर्म होय. आषाढात लोणावळ्यावर आभाळ फाटते, अन् वैशाखात मावळातल्या कित्येक वाड्यांवर हंडा भरत नाही. म्हणून मायबापहो, पागोळ्यांचे पाणी हौदात धरा, त्यावर तुळस जगेल. न्हाणीचे सांडपाणी केळीच्या आळ्यात सोडा. त्यात विटाळ कसला? आळ्यात जिरले ते नदीला मळवीत नाही. आणि लोणावळ्याजवळ उगम पावलेली इंद्रायणीच पुढे देहू-आळंदीस वारकऱ्याच्या ओंजळीत येते.