विसावा कोणी ठरवावा?

कर्करोगावर उपचार चालू असलेल्या माणसाने किती काम करावे आणि किती पडून राहावे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्याचा वाटतो. वैद्य त्याचे उत्तर देतोही. परंतु ते उत्तर घेऊन रोगी घरी परतला, म्हणजे खरा प्रश्न सुरू होतो, आणि तो धर्माचा असतो. कोणी कोणाशी कसे वागणे उचित, या अर्थाने धर्माचा.

प्रथम शरीराची गोष्ट. रसायनोपचार, ज्याला आता घरोघर 'केमो' म्हणतात, तो पुष्कळदा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने दिला जातो. औषधानंतरचे पहिले काही दिवस अन्न नकोसे होते. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी बहुधा सर्वांत कमी होतात. तिसऱ्या आठवड्यात रोगी जरा माणसांत येतो, तोच पुढची पाळी उभी राहते. किरणोपचार साधारणतः आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतात आणि त्यांचा शीण दिवसांगणिक साचत जातो. हा शीण जत्रेत रात्रभर जागल्याच्या शिणासारखा नव्हे. तो निजून उठल्याने उतरत नाही. पूर्वी अशा रोग्यास केवळ पडून राहण्यास सांगत. तो सल्ला आता मागे पडला आहे. २०१० साली अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या एका संस्थेने एकत्र आणलेल्या तज्ज्ञांनी, कर्करोग झालेल्यांनी निष्क्रियता टाळावी, असे स्पष्ट सांगितले. फार पडून राहिल्याने स्नायू झिजतात, मग चार पावलेही जड होतात, आणि जड झाली म्हणून माणूस अधिकच पडून राहतो. रोजचे थोडे चालणे हे चक्र मोडते. अर्थात अंगात ताप असता चालू नये. केमोच्या काळात १००.४ अंश ताप आला, तर सरळ रुग्णालय गाठावे.

एवढे ज्ञान झाले तरी घरात काय घडते? कर्ती स्त्री आजारी पडली, तर दोहोंपैकी एक अन्याय तिच्या वाट्याला येतो. एका घरी तिचे सर्व काम काढून घेतात. किल्ल्या सुनेकडे जातात, देवपूजेची तयारी दुसरीच कोणी करते, भाजी कोणती आणावी हेही तिला विचारीत नाहीत. हे सारे प्रेमाने होते, आणि ती जिवंतपणीच घरातून वजा होते. दुसऱ्या घरी ती चूल सोडीत नाही, आणि सोडावी असे कोणी म्हणतही नाही. "तिला कामातच बरे वाटते," असे घरचे म्हणतात. मला हे वाक्य नेहमीच संशयास्पद वाटते. ते कदाचित खरे असेलही. पण त्याचा लाभ ते उच्चारणाऱ्यांनाच अधिक होतो.

अशा वेळी कोणीतरी सत्पुरुषांचे दाखले देतो. श्रीरामकृष्ण परमहंसांना १८८५ साली घशाच्या कर्करोगाने गाठले. डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनी बोलण्याची मनाई केली. तरी आलेल्या जिज्ञासूंशी ते बोलतच राहिले, आणि ऑगस्ट १८८६ मध्ये काशीपूर येथे त्यांनी देह ठेवला. रमण महर्षींच्या हातावर १८४९ नव्हे, अगदी आपल्या आजोबांच्या काळात, १९४९ साली शस्त्रक्रिया झाल्या, आणि एप्रिल १९५०मध्ये अखेरपर्यंत त्यांनी दर्शन बंद केले नाही. या चरित्रांपुढे मस्तक नमते. परंतु ती रोग्यापुढे उदाहरण म्हणून ठेवण्यात मला अन्याय दिसतो. परमहंसांच्या उशाशी तरुण शिष्य पाळीपाळीने जागत होते, आणि त्यांच्या पथ्याचे अन्न शारदादेवी रांधीत होत्या. जिला स्वतःचे पथ्य स्वतःच शिजवावे लागते, तिला कोणत्या तोंडाने तो दाखला द्यावा?

आपल्या देवस्थानांची रीत याहून समंजस आहे. आषाढी यात्रेत पंढरपुरास विठ्ठलाचा पलंग काढतात, शेजारती बंद राहते आणि देव अहोरात्र दर्शन देत उभा असतो. यात्रा सरली, की प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जावा म्हणून देवाला काढ्याचा नैवेद्य दाखवतात, आणि मग शेज पूर्ववत लागते. देवाला खरोखरच शीण आला काय, याची चौकशी कोणी करीत नाही.

रोग्याच्या बाबतीत मात्र चौकशी होते. "आज तर बरी दिसतेस", या कौतुकात पुष्कळदा कामाची अपेक्षा दडलेली असते. म्हणून विसाव्याचा निर्णय रोग्याचाच असावा, असे माझे मत आहे. तथापि एवढ्याने भागत नाही. जन्मभर 'नाही' म्हणण्याची सवय नसलेली बाई विचारल्यावर 'मी करते' असेच म्हणणार. तिच्या 'नाही'ची किंमत कोणाला मोजावी लागू नये, अशी व्यवस्था आधीच करून ठेवणे हे घरच्यांचे कर्तव्य. उपासाचेही तसेच : उपचारांच्या काळात एकादशी मोडली, तर घरातील वडीलधाऱ्यांनी तो विषय काढूच नये. समाचाराला येणाऱ्यांनी दुसऱ्या आठवड्यात उंबरठ्याबाहेरूनच विचारपूस करावी, आणि त्या दिवसांत रोग्यास जत्रेच्या गर्दीत नेऊ नये. नवस असला तरी तो फेडण्यास घरचा दुसरा कोणी जाऊ शकतो.

चवथीच्या दिवसांत तिने पातोळ्यांसाठी हळदीची पाने पुसायला मागितली, तर ती तिच्यापुढे ठेवावी. निम्मी पुसून ती आत जाऊन आडवी झाली, तर उरलेली पाने दुसऱ्या कोणी निमूटपणे ओढून घ्यावी.