उजळणी आणि विंचू

पडेगावात आमच्या गच्चीवर रोज संध्याकाळी उजळणी चालते. खाली दौलताबाद रस्त्यावर ट्रक घरघरत असतात आणि शेजारचा मुलगा मांडीवर टॅब घेऊन माझ्यासमोर बसतो. किर्गिझस्तानात सहा वर्षं वैद्यक शिकून आलाय, आता परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीची एफएमजीई परीक्षा द्यायची आहे. मी निवृत्त फिजिशियन. प्रश्न विचारणं एवढंच माझं काम.

“प्राझोसिन?”

“आल्फा-वन ब्लॉकर. फर्स्ट डोस हायपोटेन्शन. म्हणून पहिली गोळी झोपताना.” माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर.

“बरं. खुलताबादकडच्या शेतातून सात वर्षांची पोर आणलीय. दोन तासांपूर्वी विंचू चावलाय. घामानं भिजलीय, उलट्या होताहेत, हातपाय गार पडलेत. काय देशील?”

तो थांबला. मग म्हणाला, “काका, ऑप्शन काय आहेत?”

मला हसू आलं, पण ते अर्धंच. उत्तर त्यानं मिनिटभरापूर्वीच दिलं होतं. औषध फार्माकॉलॉजीच्या कप्प्यात होतं आणि पोर मेडिसिनच्या. मधलं दार कुणी उघडलेलंच नव्हतं.

ते दार उघडणारा माणूस आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातला. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रायगडातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशानं माणसं डोळ्यांदेखत जात. विष शरीरातल्या कॅटेकोलामाइन्सचा पूर सोडतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. आवळलेलं सैल करायचं तर आल्फा ग्राहक रोखायला हवेत, आणि तसं रोखणारी रक्तदाबाची साधी गोळी उपलब्ध होती. १९८६ मध्ये बावस्कर पती-पत्नींनी प्राझोसिनचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. आधी गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीस-चाळीस दगावत. पुढे ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. या सगळ्यात नवं औषध एकही नव्हतं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला प्रत्येक जण घोकतो तेच स्वायत्त मज्जासंस्थेचं प्रकरण होतं, फक्त ते खाटेपाशी उभं राहून आठवलेलं.

आता कुणी म्हणेल, बघा, घोकंपट्टी फुकट. मला ते पटत नाही. आल्फा ग्राहक म्हणजे काय हे पाठ नसतं तर बिरवाडीत विचार कशाचा करणार होते? पाढे पाठ नसलेल्यानं गणिताच्या सौंदर्यावर बोलू नये. मराठीत पाढ्यांच्या पुस्तकालाच उजळणी म्हणतात हे मला फार आवडतं. उजळायचं म्हणजे घासायचं, आणि घासताना हात दुखतोच. पण हा मुलगा करायचा ते घासणं नव्हतं. चौथ्यांदा तीच व्हिडिओ व्याख्यानं दीडपट वेगानं पाहायचा, छापील नोट्सवर पिवळ्या रेघा मारायचा आणि सगळं ओळखीचं वाटतंय म्हणून समाधानानं झोपायचा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा न बघता आठवून पाहणारे पुढे गेले. ओळख वेगळी, आठवण वेगळी. आणि कॅज्युअल्टीत चार पर्याय लिहिलेले नसतात.

परीक्षेला तरी किती दोष द्यावा? ३०० प्रश्न, १५० बरोबर आले की पास, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत. डोळे मिटून ठोकत गेलं तरी हिशेबानं ७५ पदरात पडतात. तरीही बहुतेक वेळा पाचातला एखादाच पास होतो. ही चाळणी जाचक आहे असं पालक म्हणतात. रुग्णाच्या बाजूनं पाहिलं तर मला ती सैलच वाटते. तक्रार करायचीच तर वेगळी आहे. हीच कसोटी इथं शिकलेल्यांना नाही. सगळ्यांसाठी एकच ‘नेक्स्ट’ परीक्षा तीन वर्षांत सुरू व्हावी असं वैद्यकीय शिक्षणाबाबतचा २०१९चा कायदा म्हणतो. मुदत केव्हाच उलटली.

गुणांची वाटणी मात्र मुलांना भलतंच शिकवते. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन यांना प्रत्येकी १७ गुण. भूलशास्त्राला ५, मानसोपचाराला ५. मग मुलं हिशेब करतात आणि मानसोपचार सोडून देतात. उद्या ओपीडीत छातीत धडधडतंय म्हणून बसलेल्या बाईचा ईसीजी नॉर्मल आला की या पाच गुणांची आठवण होईल. सामुदायिक वैद्यकाला चक्क ३० गुण आहेत, स्त्रीरोग-प्रसूतीइतकेच. तरी एकोणीस विषयांत तो नेहमी शेवटच्या आठवड्यावर ढकललेला. रुक्ष वाटतो म्हणे. मलाही वाटायचा.

आणि माझं काय? एका रविवारी त्याचाच सराव पेपर मी सोडवला. मेडिसिननं तारलं, जीवरसायनात मात्र सतरापैकी चार. त्यातलं बरंचसं विसरलो याचं मला दुःख नाही. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये ते कधी लागलं नाही. पण गाभा कोणता आणि टरफल कोणतं हे माझ्या विस्मृतीनं ठरवलं, मी नाही. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, त्यासाठी ३० क्रेडिट तास लागतात. ते मी परिषदांत बसून भरले, जेवणंही चांगली असत. तुला काय येतं, असं मात्र त्या तीस वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही.

हल्ली आम्ही पद्धत बदलली आहे. आधी पेशंट, मग विषय. पर्याय द्यायचे नाहीत. पहिले काही दिवस तो चिडायचा. परवा मात्र त्यानंच टॅब उलटा ठेवला.

“काका, आता मी विचारतो. नवव्या महिन्यात बाळाला कोणत्या लसी?”

“गोवर-रुबेला, आणि अ जीवनसत्त्व,” मी म्हणालो.

“न्यूमोकोकलचा बूस्टर. आणि पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस. २०२३पासून.”

मी चष्मा पुसला आणि त्याला पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं.