मुकादमाची बाटली

पौषातली थंडी, कोल्हापूरकडचा फड. बीडहून आलेली टोळी पहाटेपासून ऊस तोडत होती. मोळी बांधायला वाकलेल्या सखारामच्या उजव्या डोळ्यावरून उसाचं पान सपकन फिरलं. त्याने डोळा चोळला, उपरण्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा कोयता धरला. खाडा पडला की पैसे कापले जातात. डोळा काय, दोन दिवसांत बरा होईल.

दुसऱ्या दिवशी डोळा लालबुंद झाला. कोपीवरच्या म्हातारीने बाळंतिणीचं दूध घालायला सांगितलं, कुणी मध सुचवला. म्हातारीच्या मायेबद्दल शंका नाही, पण उघड्या जखमेला माया कळत नाही. शेवटी मुकादमाने खिशातून एक बाटली काढली. पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली, तेव्हा त्याने मेडिकलमधून आणलेली, अर्धी उरलेली.

"दोन थेंब टाक. लाली पळती का नाय बघ."

लाली खरंच पळाली. ठणकाही उतरला. टोळीत बाटलीचं नाव झालं.

त्याच आठवड्यात शेजारच्या कोपीतल्या गयाच्या डोळ्याला पाचट लागलं. मुकादमाने बाटली पुढे केली. गया म्हणाली, "दुसऱ्याच्या दुखण्याचं औषिद माझ्या डोळ्यात नगं." तिने डोळा चोळला नाही. स्वच्छ पाण्याने धुतला आणि ऊस भरून निघालेल्या ट्रॅक्टरवर बसून तालुक्याचा दवाखाना गाठला. खाडा पडला. नवरा धुसफुसला, बायका हसल्या.

डॉक्टरांनी डोळ्याला पिवळा रंग लावून निळा उजेड टाकला, तशी बुबुळावरची जखम हिरवी चमकली. जखमेचा कण खरवडून काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पाचटाबरोबर बुरशी आत शिरली होती. तासातासाला थेंब, पहिले दोन दिवस रात्रीसुद्धा; मग कितीतरी आठवडे. गयाने बोलता बोलता सखारामचं सांगितलं. डॉक्टर एकदम गंभीर झाले. "त्याला आजच्या आज पाठवा."

सखाराम मात्र जागचा हलला नाही. "लाली नाय, ठणका नाय, दवाखान्यात जाऊन दाखवू काय? आमच्या आज्याचा मोतीबिंदू दोन वर्सं तसाच व्हता. आपरेशन केलं अन् पुन्हा दिसाया लागलं की."

आज्याचं खरं होतं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. बहुतेकदा हा गढूळपणा सावकाश वाढतो, आणि भिंग बदललं की दिसतं. बुबुळावरची जखम तशी थांबत नाही. सखारामला धूसर दिसू लागलं, उजेड टोचू लागला. एका सकाळी बायकोने पाहिलं, तर काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका. आता मात्र तिने त्याला बाटलीसकट दवाखान्यात ओढतच नेलं.

डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं. स्टेरॉइड. "ही लाली म्हणजे डोळ्याने बसवलेली राखण. या औषधाने राखणदारच झोपवला. चोर आत निवांत बसला. लाली गेली तेव्हा बुरशी गेली नव्हती, वाढत होती. हेच थेंब कुणी महिनोन्महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, काचबिंदू होऊ शकतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही."

सखारामच्या डोळ्यातली बुरशी मेली, पण फूल पडलं ते पडलंच. आता कुणाच्या नेत्रदानातून बुबुळ मिळेल तेव्हा बघायचं. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत ते काढावं लागतं, आणि मागणाऱ्यांची रांग मोठी. गयाच्या डोळ्यावर बारीकसा डाग राहिला, पण ती सुईत दोरा ओवते.

पुढच्या साली उचल ठरवायला मुकादम गावात आला. सखारामकडे बघून म्हणाला, "एक डोळा गेलाय. ह्या नवरा-बायकोला मिळून अर्धाच कोयता धरतो."

"बाटली कुणाची व्हती, मुकादम?" गयाने विचारलं.

मुकादम वहीत डोकं घालून बसला.

"उचलीचं मागनं बोला. आधी डोळ्याला चष्मे आणा. गाडीवाले घालतात तसले, बाजूनं झाकलेले."

"गॉगल लावून कुणी ऊस तोडलाय व्हय? दवात काच धुरकटती."

"पुसू की. काच पुसता येती."

बाकीच्या बायका गयाच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. मुकादमाने पेन्सिल काढली, माणसं मोजली आणि वहीत लिहिलं: चष्मे, बावीस.

"तेवीस लिवा," सखारामची बायको म्हणाली. "ह्यांचा एक डोळा अजून हाय."