हरलेल्या डावातला शह

पटावर पांढऱ्याकडे उरलेत फक्त राजा आणि वजीर. राजा एच-३ वर, वजीर एच-५ वर. काळ्याचा राजा जी-८ वर, वजीर बी-२ वर, शिवाय दोन प्यादी. एक राजाच्या पुढ्यात, जी-७ वर. दुसरं ए-२ वर, म्हणजे एका खेळीत त्याचा वजीर होणार. खेळी पांढऱ्याची आहे. कुणालाही विचारा, पांढरा हरला असंच म्हणेल. दोन वजिरांपुढे एक वजीर किती वेळ टिकणार?

पण पांढरा ई-८ वर वजीर नेऊन शह देतो. काळ्याचा राजा एफ-८, एफ-७ किंवा एच-८ वर जाऊ शकत नाही, तिन्ही घरांवर वजिराचा मारा आहे. जी-७ वर तर त्याचंच प्यादं बसलंय. उरतं एच-७. तो तिथे गेला की पांढरा वजीर पुन्हा एच-५ वर येऊन शह देतो. आता एच-६, एच-८ आणि जी-६ बंद. राजाला जी-८ वर परतावंच लागतं. पुन्हा ई-८, पुन्हा एच-७, पुन्हा एच-५. काळ्याचा बलाढ्य वजीर बी-२ वरून हे सगळं पाहतोय, पण त्याला ना मध्ये पडता येतं, ना शह देणाऱ्याला मारता येतं. वजीर होऊ घातलेल्या प्याद्याला एक पाऊल टाकायला सवड मिळत नाही. डाव बरोबरीत.

यालाच सततचा शह म्हणतात. गंमत म्हणजे बुद्धिबळाच्या आजच्या नियमांत त्याचं वेगळं कलमच नाही. तीच स्थिती, त्याच खेळाडूची पाळी, असं तीनदा झालं की बरोबरी मागता येते. पाचदा झालं तर न मागताही डाव थांबतो. सततचा शह या नियमाच्या आधारानेच उभा आहे. जपानी शोगीत आणि चिनी शिआंगचीत मात्र असा शह देत राहणाऱ्यालाच डाव गमवावा लागतो. दुबळ्याने बलवानाला असं अडवून धरणं तिथे मान्य नाही. मला आपल्या पटावरचा न्याय जास्त पटतो. कारण हा शह कुणाच्या मेहेरबानीने मिळत नाही. वरचढ खेळाडूने प्यादी मारण्याच्या आणि वजीर करण्याच्या नादात स्वतःचा राजा उघडा टाकलेला असतो, त्याची ही वसुली असते. वरच्या स्थितीत काळ्याच्या राजाशेजारी एफ-७ वर एक प्यादं शाबूत असतं, तर पांढऱ्याच्या वजिराला ई-८ वर जाऊन शह देताच आला नसता.

अडचण ही की हरणाऱ्याला हा शह दिसणं फार कठीण. त्याची नजर ए-२ वरच्या प्याद्यावर खिळलेली असते. आपलं काय गेलं, आता काय जाणार, याचाच हिशेब मनात चाललेला असतो. समोरच्याचा राजा कुठे उभा आहे, त्याच्याभोवती कोण आहे, हे पाहायचं सुचतच नाही.

हे नवशिक्यांपुरतं असतं तर त्यावर लिहायची गरज नव्हती. ४ मे १९९७, न्यूयॉर्क. जगज्जेता गॅरी कास्पारोव आणि आयबीएमचा डीप ब्लू संगणक यांच्या सामन्यातला दुसरा डाव. पहिला कास्पारोवने जिंकला होता. दुसऱ्यात काळी मोहरी त्याच्याकडे होती आणि ३६-३७ व्या खेळीच्या सुमारास यंत्राने त्याला हादरवलं. वजीर आत घुसवून प्यादी खाण्याची वाट मोकळी दिसत होती, तरी ती सोडून त्याने उंट शांतपणे मध्यभागी आणून ठेवला आणि काळ्याची सगळी हालचाल बंद केली. असा संयम यंत्राकडून त्याला अपेक्षित नव्हता. पुढे त्याने यात माणसाचा हात असल्याचा संशयही बोलून दाखवला. ४५ व्या खेळीला पांढऱ्याचा हत्ती ए-६ वर आला आणि कास्पारोवने डाव सोडला.

दुसऱ्या दिवशी जेवायला जाताना त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला सांगितलं की डाव सोडायला नको होता. वजीर ई-३ वर नेला असता तर पांढऱ्याच्या राजामागे शहांचा ससेमिरा लावता येत होता. ४४ व्या खेळीला डीप ब्लूने राजा चुकीच्या घरात नेला होता आणि तो उघड्यावर पडला होता. विश्लेषकांना तिथे बरोबरी दिसली.

एवढी खोल नजर असलेल्या माणसाला हे का दिसलं नाही? मला वाटतं, तो त्या स्थितीपुढे हरलाच नव्हता. समोरच्याबद्दल त्याने मनात जे ठरवलं होतं, त्यापुढे हरला. इतका सखोल खेळणारा प्रतिस्पर्धी साधा सततचा शह कसा सोडेल, त्याने सगळं तपासलेलंच असणार, असं त्याने गृहीत धरलं आणि स्वतः तपासलं नाही. प्रतिस्पर्ध्याचा दरारा हे पटावर न दिसणारं मोहरं असतं, आणि ते कुठल्याही वजिरापेक्षा जास्त घरं अडवतं. डॉक्टरांचा शब्द, वकिलाची नोटीस, समोरच्या पक्षाचं नाव ऐकून आपणही कितीदा कागद न वाचताच सही करतो. यात आळस नसतो. त्यांनी पाहिलंच असेल, हा विश्वास असतो, आणि माझ्या लेखी तो आळसापेक्षा धोकादायक आहे. आळशी माणसाला निदान आपण पाहिलं नाही हे ठाऊक असतं.

तो सामना डीप ब्लूने साडेतीन विरुद्ध अडीच असा जिंकला. दुसऱ्या डावातला अर्धा गुण हाती लागता आणि बाकीचे निकाल तेच राहते, तर सामना तीन-तीन सुटला असता. अर्थात दुसऱ्या डावाचा घाव पुढच्या डावांतही वाहत होता, तेव्हा बाकीचं तसंच घडलं असतं असं म्हणवत नाही.

१० मे रोजी पाचवा डाव झाला. अंत्यपर्वात कास्पारोव वरचढ होता, त्याचं प्यादं वजीर होण्याच्या बेतात होतं. डीप ब्लूने ते थांबवण्याचा नाद सोडला, स्वतःचा राजा पुढे आणला आणि हत्तीच्या शहांनी कास्पारोवच्या राजाला जखडून टाकलं. डाव बरोबरीत सुटला.