आठवणींची वही



संत लूक बारा प्रेषितांपैकी नव्हता. ज्यांनी प्रभूला डोळ्यांनी पाहिले त्यांच्याकडून आलेले, नीट शोध घेऊन क्रमवार लिहीत आहोत, असे तो आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो. बाळ येशूला गव्हाणीत ठेवल्याचे फक्त तोच लिहितो. मरियेने हे सारे अंतःकरणात जपून ठेवले, हेही तो दोनदा नमूद करतो. आईने जपले, कोणीतरी ऐकले, कोणीतरी लिहिले. म्हणून आज आपण नाताळात गोठा सजवतो.

आपल्या वसईतही घरोघरी असे जपणारे आहेत. रहाटाचे पाणी, पानवेलींच्या वाड्या, पहाटेच्या गाडीने मुंबईला नेलेली भाजी, दिव्याच्या उजेडातील रोझरी त्यांना आठवते. आम्ही धर्मगुरू अंत्यविधीपूर्वी मृताविषयी विचारतो, तेव्हा मुलांना कधीकधी आईचे बालपण कसे गेले हेदेखील सांगता येत नाही. आई ऐंशी वर्षे जगली. विचारायचे मात्र राहून गेले.

म्हणून एक वही घ्या. रविवारी मिस्सानंतर तासभर आजी-आजोबांजवळ बसा. त्यांना मध्येच अडवू नका. सामवेदी असो वा वाडवळी, त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत लिहा. साल चुकले तर वाद नको. बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदी धर्मग्रामाच्या दप्तरात पाहता येतील. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा.

घराण्याची गोष्ट लिहिताना मोठेपणा तेवढा मांडावा आणि बाकीचे झाकावे, असा मोह होतो. संत मत्तयने तसे केले नाही. येशूच्या वंशावळीत तो तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी यांनाही स्थान देतो. डाग असलेल्या घराण्यातूनच देवाने तारण आणले. सत्य लिहावे, पण प्रीतीने लिहावे. कोणाचा न्याय करण्यासाठी लेखणी उचलू नये. ज्या गोष्टीने हयात माणसाचे मन दुखावेल, ती सांगणाऱ्याची संमती असेल तरच लिहावी.

वाडीच्या बांधावरून दोन घरांचे बोलणे बंद असते. नातवंडे तो अबोला पाळतात, पण त्याचे कारण त्यांना ठाऊक नसते. भांडण कसे सुरू झाले आणि त्याआधी ही दोन घरे एका ताटात कशी जेवत होती, हे एखाद्या आजीलाच माहीत असते. तिच्याबरोबर ही आठवण गेली, तर समेटाची वाटही बुजेल. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा आपण औषधपाण्याने पाळतोच. त्यांचे ऐकून घेणे हाही त्याच आज्ञेचा भाग आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी नेमून दिला. आपण मात्र जुलैची वाट पाहू नये. आजच विचारू या, “आजी, तुझ्या लहानपणी काय होते?”

ऐकणारे कान आणि क्षमा करणारे मन प्रभू आपणा सर्वांना देवो.

आपले धर्मगुरू