हत्तीची भेट आणि आपली नियत

पवित्र कुरआनात हत्तीचा उल्लेख एकाच ठिकाणी येतो आणि तो आपल्या घरातील लहान मुलांनाही पाठ असतो. सूरह अल्-फील छोटी असल्यामुळे मुले ती लवकर शिकतात. काबागृह पाडण्यासाठी निघालेला अबरहा, त्याचे हत्तींसह आलेले सैन्य आणि त्या सैन्याचा झालेला नाश, हे सर्व आपण मुलांना हौसेने सांगतो. इब्ने इसहाक यांच्या सीरतग्रंथात या घटनेचा एक तपशील आहे, जो सांगताना बहुधा सुटून जातो. सैन्याच्या अग्रभागी असलेल्या हत्तीचे नाव महमूद होते. मक्केच्या दिशेने तोंड केले की तो खाली बसे. यमनकडे किंवा शामकडे वळवले की उठून चालू लागे. त्याच्या डोक्यावर लोखंडाचे घाव घातले गेले, पोटाखाली अंकुश टोचले गेले, रक्त निघाले. तरी मक्केच्या दिशेने तो उठला नाही.

ही काबागृहाच्या रक्षणाची कथा आहे आणि तिचा तोच अर्थ मुख्य आहे. परंतु त्यात एका जनावराने माणसाला दिलेला नकारही आहे, आणि त्या नकाराला माणसाने अंकुशाने दिलेले उत्तरही आहे. आज ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, त्याची किल्ली या तपशिलात आहे, असे मला वाटते.

उदगीर, देगलूर, नांदेड या भागातील आपल्या कुटुंबांच्या सहलीचे स्वरूप गेल्या काही वर्षांत बदलले आहे. पूर्वी सहल म्हणजे बिदर, गुलबर्गा, खुलदाबाद, फार तर हैदराबाद. आता घरातील एखादा मुलगा आखाती देशात असतो, सून शिकलेली असते, आणि सुट्टीचा विषय निघाला की कर्नाटकातील काबिनीच्या जंगलापासून थायलंडपर्यंतची नावे घेतली जातात. जाहिरातींमध्ये एक नवा प्रकार दिसतो: जंगलाच्या कडेला उंची तंबू, लाकडी तक्तपोशी, सौरदिवे, प्लास्टिकची बाटली नाही, आणि सकाळी हत्तींशी ‘नैतिक भेट’. म्हणजे अंबारी नाही, पाठीवर बसणे नाही, हत्तीकडून चित्रे काढून घेणे किंवा चेंडू खेळवून घेणे नाही. पाहुण्याने थोड्या अंतरावरून त्यांना चरताना, चिखलात लोळताना पाहावयाचे, माहुताकडून त्यांची माहिती ऐकावयाची. अशा काही तळांवर एका रात्रीचे भाडे आपल्या भागातील शेतमजुराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीइतके असते. एवढे देऊनही पाहुणा समाधानाने परततो, कारण आपल्या पैशाने एका मुक्या जिवाचे भले झाले, अशी त्याची भावना असते.

ही भावना कितपत खरी आहे?

अशी सहल मुळात वैध आहे की नाही, हा प्रश्न येथे फार वेळ घेणार नाही. पृथ्वीवर फिरा आणि निर्मितीचा आरंभ कसा झाला ते पाहा, असे सूरह अल्-अन्कबूतमध्ये (२९:२०) सांगितले आहे. उंट कसा घडवला गेला, याकडे पाहण्याचे आवाहन सूरह अल्-गाशियामध्ये (८८:१७) आहे. ज्यांनी उंटाकडे पाहावे, त्यांनी हत्तीकडे पाहू नये असे कोण म्हणेल? बावीस महिने पिलाला पोटात वागवणारी माता, दिवसातून दीडशे किलोपर्यंत चारा खाणारा आणि त्यासाठी मैलोगणती चालणारा हा जीव पाहून ज्याच्या तोंडून ‘सुब्हानल्लाह’ निघते, त्याचे पाहणे वाया गेले नाही.

खरा प्रश्न पाहण्याचा नाही, वापरण्याचा आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात एक हदीस आहे. तिचा आशय असा की, जनावरांच्या पाठींना मिंबर बनवू नका. ज्या गावी तुम्ही कष्टाशिवाय पोहोचू शकला नसता, तेथे पोहोचवण्यासाठी अल्लाहने ती तुमच्या अधीन केली आहेत. तुमच्या इतर कामांसाठी त्याने जमीन दिली आहे. किती सूक्ष्म भेद आहे हा! पाठीवर बसणे निषिद्ध नाही, परंतु गरज संपल्यावर बसून राहणे, गप्पा मारत तिला आसन बनवणे, हे त्या अधिकाराच्या बाहेरचे आहे. जनावर अधीन केले गेले ते एका मर्यादित हेतूसाठी. आपल्या मौजेसाठी नव्हे. या कसोटीवर हत्तीवरची हौशी सवारी टिकत नाही, आणि अंबारी उतरवून ठेवणाऱ्या तळांनी योग्य पाऊल उचलले आहे. (हे आमच्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले आहे, असे म्हणून छाती फुगवण्याची आपल्याला सवय आहे. ते खरेच आहे. पण मग चौदाशे वर्षांत आपण काय केले, हा प्रश्नही लगेच मागून येतो.)

आता आपल्या राज्यातील एक प्रकरण पाहू. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील नांदणी येथे जैन मठात महादेवी नावाची हत्तीण १९९२ पासून होती. लोक तिला माधुरी म्हणत. १६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला गुजरातमधील जामनगरच्या ‘वनतारा’ या केंद्राशी संलग्न हत्तीकल्याण संस्थेकडे पाठवण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै रोजी तो कायम ठेवला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तिला नेण्यात आले. तिला निरोप देताना गावोगावचे लोक रस्त्यावर उभे होते, बायाबापड्या रडत होत्या. त्यात आपले मुस्लिम बांधवही होते. पुढे तिच्या परतीसाठी कोल्हापुरात प्रचंड मोर्चा निघाला.

त्या अश्रूंची थट्टा करणे चुकीचे ठरेल. दुसऱ्या धर्माच्या एका श्रद्धेच्या ठिकाणाबद्दल बोलताना आपण आदरानेच बोलले पाहिजे, आणि तीन दशकांचा जिव्हाळा खोटा नसतो. परंतु न्यायालयापुढचा प्रश्न लोकांच्या प्रेमाचा नव्हता, हत्तिणीच्या पायांचा, तिच्या प्रकृतीचा आणि तिच्या एकटेपणाचा होता. हत्ती कळपाचा प्राणी आहे. मादी तर आयुष्यभर आई, बहिणी, मावश्या यांच्यासोबत राहते. टणक फरशीवर साखळीने बांधून उभे राहिल्याने पाय सडतात, हे हत्तीचा कोणताही वैद्य सांगेल. आपले प्रेम आणि त्याचे कल्याण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या दोहोंत अंतर पडते तेव्हा बहुधा आपण आपल्या प्रेमाच्या बाजूने निकाल देतो. उलट बाजूनेही हेच म्हणता येते. मोठ्या श्रीमंताच्या कुंपणात भरपूर चारा आणि डॉक्टर मिळाले म्हणून जंगल मिळाले असे होत नाही.

अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) यांनी सांगितलेली हदीस येथे आठवते. प्रेषित मुहम्मद (स.) एका अन्सारी सहाबींच्या बागेत गेले. तेथील उंट त्यांना पाहताच कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. प्रेषितांनी (स.) त्याच्या कानामागे हात फिरवला, तो शांत झाला. मग त्यांनी विचारले, हा उंट कोणाचा? मालक पुढे आल्यावर त्याला अल्लाहचे भय बाळगण्यास सांगितले, कारण जनावराने तक्रार केली होती की, मालक त्याला उपाशी ठेवतो आणि कामाने थकवतो. या प्रसंगात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. प्रेषितांनी (स.) उंट जप्त केला नाही, मालकी नाकारली नाही, मालकीलाच जबाब विचारला. आणि साक्ष घेतली ती मालकाची नव्हे, शेजाऱ्यांची नव्हे, उंटाची. मालकाला आपण उंटाला नीट सांभाळतो असे मनापासून वाटत असणेही शक्य आहे. ते त्याला विचारलेच गेले नाही.

‘नैतिक भेट’ या शब्दप्रयोगातही साक्ष कोणाची हाच प्रश्न आहे. भेट कोणाला हवी आहे? पाहुण्याला. हत्तीला नको असेल तर तो निघून जाऊ शकतो काय? तसे असेल तर त्या शब्दाला काही अर्थ आहे. नऊ वाजता पाहुणे येणार म्हणून हत्तीला नऊ वाजता नदीवर आणले जात असेल, तर अंबारी गेली एवढाच फरक झाला. वेळापत्रक माणसाचेच राहिले. महमूद हत्तीला जो नकार देता आला, तो देण्याची मुभा या हत्तीला आहे की नाही, हे पाहावे. माहुताच्या हातात काय आहे, रात्री हत्ती कोठे असतात, पिल्ले आईपासून तोडून आणलेली आहेत काय, हे प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारण्यात कोणताही संकोच नसावा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. थायलंडमध्ये १९८९ साली जंगलतोडीवर बंदी आली. लाकूड ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एका फटक्यात बेकार झाले. काही शहरांच्या रस्त्यांवर भीक मागू लागले, बहुतेक पर्यटनाकडे वळले. २०२० मध्ये कोरोनामुळे पर्यटक थांबले तेव्हा तळांवर चाऱ्याला पैसे उरले नाहीत आणि अनेक माहूत आपल्या हत्तींना घेऊन डोंगरांतील गावांकडे पायी परतले. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील कमलापूरचा वन विभागाचा हत्ती कॅम्पही लाकूड वाहणाऱ्या हत्तींच्या परंपरेतूनच आलेला आहे. तेव्हा आक्षेप असा: हे हत्ती आता जंगलात सोडता येत नाहीत, पाहुणा आला नाही तर यांना खायला कोण घालणार?

याचे उत्तर सातव्या हिजरी शतकातील महान फकीह इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.) यांच्या विचारात सापडते. जनावरांचे माणसावरील हक्क सांगताना त्यांनी लिहिले आहे की, जनावर म्हातारे झाले, आजारी पडले, त्याच्यापासून काही लाभ उरला नाही, तरी त्याचा खर्च मालकावरच राहतो. हा हक्क आहे, उपकार नव्हे. ज्यांनी हत्तींच्या पाठीवर सागवान वाहिले त्या व्यापाऱ्यांवर आणि सरकारांवर त्यांच्या म्हातारपणाचे कर्ज आहे. ते कर्ज पाहुण्यांच्या भाड्यातून फिटत असेल तर फिटू द्यावे, त्यात वाईट काही नाही. मात्र पाहुण्याने त्याला सदका समजू नये. त्याने पैसे दिले, त्या बदल्यात गादी, जेवण आणि दर्शन घेतले. हा सौदा झाला. ज्याला सदकाच करावयाचा आहे, त्याने न जाता पाठवावे, आणि हत्तीसोबतचे छायाचित्र कोणाला दाखवू नये. आपल्या पूर्वजांनी पशुपक्ष्यांसाठी वक्फ केले, ते पाहण्याचे तिकीट लावून नव्हे.

बघण्यानेही दया जागते, हे मान्य केले पाहिजे. बादशहा जहांगीरने आपल्या आत्मवृत्तात नोंदवले आहे की, थंडीच्या दिवसांत हत्ती अंगावर पाणी घेताना कुडकुडतात हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने त्यांच्यासाठी पाणी कोमट करून देण्याचा हुकूम काढला. कोणी तक्रार केली नव्हती. त्याने नीट पाहिले म्हणून त्याला कळले. हाच बादशहा हत्तींच्या झुंजी आवडीने पाहत असे, हेही खरे. एकाच डोळ्यात दया आणि मौज शेजारी शेजारी राहू शकतात. आपल्या उदगीरच्या किल्ल्याने किती फौजा पाहिल्या! १७६० साली येथे मराठे आणि निजाम यांच्यात लढाई झाली, तेव्हा दख्खनच्या कोणत्याही मोठ्या फौजेत हत्ती असतच. त्या लढाईत कोण जिंकले हे आपण शाळेत शिकतो. हत्तींचे काय झाले, हे कोणी लिहून ठेवले नाही. सूरह अल्-अन्आममध्ये (६:३८) मात्र जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे सर्व जीव तुमच्यासारख्याच ‘उम्मती’ आहेत आणि ते आपल्या पालनकर्त्याकडे एकत्र केले जातील, असा आशय आहे. त्या दिवशी ही न लिहिलेली नोंद उघडली जाईल.

उंची तंबूच्या ‘पर्यावरणपूरक’ या विशेषणाबद्दल थोडेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. ज्या जिल्ह्याने घागरींच्या रांगा पाहिल्या आहेत, त्या जिल्ह्यातील माणसाला खाजगी टबात डुंबत सौरदिव्याचे कौतुक ऐकणे विचित्र वाटले पाहिजे. हलाल कमाईतून सुखाने राहणे गुन्हा नाही. परंतु इसराफला चांगले नाव दिल्याने तो इसराफ राहत नाही, असे होत नाही. आणि विमानाने जाऊन कापडी पिशवी वापरल्याचा हिशेब कोणी आपल्या खात्यात पुण्य म्हणून मांडू नये.

आणि हत्ती तर आपल्या आयुष्यात एकदा येईल. आपल्या भागातील जनावर म्हणजे देवणी बैल, म्हैस, शेळी, वीटभट्टीवरचे गाढव. हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून जनावरे वाहनांत कशी भरली जातात, त्यांचे पाय कसे बांधलेले असतात, हे आपण पाहिलेले आहे. कुर्बानीच्या आधीच्या आठवड्यात मोहल्ल्यात आणलेल्या बकऱ्यांना मुले शिंगांना धरून ओढतात आणि मोठी माणसे हसतात. एका जनावरासमोर दुसऱ्याची मान कापली जाते. जनावराच्या डोळ्यांसमोर सुरी पाजळणाऱ्याला प्रेषितांनी (स.) टोकले होते, त्याला तू दोनदा मारू इच्छितोस काय अशा अर्थाचे त्यांचे शब्द होते, हे आपण जुम्याच्या भाषणात दरवर्षी ऐकतो. थायलंडच्या हत्तीला स्पर्शही न करण्याची काळजी घेणारे कुटुंब घरच्या बकऱ्याला तीन दिवस उन्हात, आखूड दोरीने बांधून ठेवते, तेव्हा त्या काळजीचे मूळ दयेत आहे की तेथील नियमपत्रकात, हे त्या कुटुंबानेच ठरवावे.

उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ईद-उल-अजहाच्या आधी तेथील एखाद्या जाणकाराला मशिदीच्या अंगणात बोलावून, जनावर वाहनातून कसे उतरवावे, दोर किती लांब असावा, दिवसातून किती वेळा पाणी पाजावे, आजारी जनावर कसे ओळखावे, हे तरुणांना प्रत्यक्ष दाखवून घेता येईल. आडोशाची जागा आणि धारदार सुरी यांची व्यवस्था मोहल्ल्याच्या जमातीने करावी. मुलांनाही सोबत न्यावे. सूरह अल्-फील त्यांना पाठ आहेच, महमूदची हकिकत त्याच अंगणात सांगता येईल.