प्रमाण आणि तीर्थ

जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर उद्या मुलांपुढे उभे राहणाऱ्या छात्राध्यापकांना पाण्याचे रसायनशास्त्र शिकविले, तर कुकडीचे वा घोडनदीचे पाणी ज्यांना तीर्थरूप आहे त्यांच्या श्रद्धेस धक्का बसेल, ही भीती मला निराधार वाटते. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी ज्ञानाची चार प्रमाणे, म्हणजे साधने, मानली. आपले अध्यापन मात्र बहुधा शब्दापाशीच थांबते. याच डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे जो हिरडा वेचतात, त्याच्या फिकट काढ्यात हिराकसाचा खडा टाकावा, की काढा शाईसारखा काळा होतो, आणि टॅनिन व लोह यांचा संयोग मुलांच्या डोळ्यांदेखत घडतो. परंतु खतांतून विहिरीत झिरपलेल्या नायट्रेटला ना रंग, ना गंध. लिटरमागे 45 मिलिग्रॅमची भारतीय मानकाची मर्यादा ओलांडली तरी पाणी नितळच दिसते, आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. येथे प्रत्यक्ष थकते, आणि अनुमानाला परीक्षानळीची साक्ष घ्यावी लागते. ज्या विहिरीला आपण नमस्कार करतो तिच्या पाण्याची चौकशी हा तिचा अधिक्षेप कसा ठरेल? मी तर या चौकशीला उपासनाच मानतो. ती गावातील वडीलधाऱ्यांसमक्ष, त्यांच्याच विहिरीच्या काठावर व्हावी, एवढाच माझा आग्रह आहे.